बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, तरी सेल्फ उचलत का नाही?

नमस्कार मंडळी. आज खरं तर एसीच्या गॅसवर बोलणार होतो, पण मागच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच गाऱ्हाणं लावून धरलंय. "दादा, बॅटरी नवी टाकली तरी सकाळी सेल्फ उचलत नाही." "दादा, डायनामो भरून आणला तरी हेडलाइट पिवळ्या." (नवीन मंडळींसाठी: सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर. आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, त्यालाच आपल्याकडं अजून डायनामो म्हणतात.) त्यात साताऱ्याचा पाऊस आत्ता कुठं थांबलाय, आणि पाऊस थांबला की आमच्या गॅरेजला याच गाड्यांची रांग लागते. म्हणून एसी पुढच्या वेळी.

प्राथमिक गोष्टी पटपट उरकतो, त्या बहुतेकांना पाठ आहेत. मीटर, म्हणजे मल्टिमीटर, डीसी वीस व्होल्टवर. गाडी रात्रभर उभी राहिलेली. बॅटरीवर 12.6 दिसलं तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, बाराच्या खाली गेली तर उतरली. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जायला नको. गाडी चालू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.7. पंधराच्या वर चाललं तर कटआऊट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, गेलाय, बॅटरी उकळणार. आत्ताच पुण्याहून आलेली गाडी मोजून "बॅटरी ठणठणीत" म्हणू नका, तो वरवरचा चार्ज असतो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, मग मोजा. आणि फॅन बेल्ट सैल आहे का, टर्मिनलवर पांढरा-हिरवा फेस आहे का, हे सांगायला लागतंय का? लागतंय म्हणा. बघा ते पण.

आता एका काकांची कमेंट. "मीटरबिटर कशाला? इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला." काका, तुमचा मान राखून सांगतो, आमचे आण्णापण हेच करायचे. त्यांच्या गाडीत डिझेल पंप होता आणि जुना खरा डायनामो होता, कॉम्प्युटर नव्हता. आजच्या गाडीत बॅटरी ही अल्टरनेटरला लावलेला लगाम आहे. चालू गाडीत तो सोडला की व्होल्टेज एका क्षणात चाळीस-पन्नासच्या पुढं उसळू शकतं. अल्टरनेटरमधले एसीचं डीसी करणारे डायोड जातात, नशीब फुटकं असेल तर ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जातो. त्याची किंमत ऐकली की माणसाला खुर्ची द्यावी लागते. करू नका. ती कमेंट मी पिन करून ठेवलीय, खाली उत्तरासकट.

आता मूळ मुद्दा. अर्थिंग. म्हणजे इंजिन आणि बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत करंटचा परतीचा रस्ता.

हसू नका. "अर्थिंग बघितली दादा, मीटरनं बीप वाजतोय" असं लिहिणारे निदान पंधराजण आहेत. जोड सलग आहे का हे बघताना मीटर वाजतो, तो बीप. अरे, तो बीपच तर फसवतोय! बॅटरीपासून इंजिनला जाणाऱ्या जाड केबलमध्ये तांब्याच्या शेकडो तारा असतात. त्यातल्या सगळ्या कुजल्या आणि एक शिल्लक राहिली, तरी बीप वाजणार. मीटर तपासायला चिमूटभर करंट सोडतो, तेवढा एका तारेतून सहज जातो. सेल्फला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात. ते त्या एका तारेतून जायचे नाहीत.

आमच्याकडं कालव्याचं पाणी पाइपलाइननं आणतात ना, तसं समजा. पाइपात गाळ भरलाय. तुम्ही वरून तांब्याभर पाणी ओतलं, खाली पोचलं, म्हणालात पाइप मोकळा आहे. आता मोटर लावा. मग कळेल.

म्हणून मोजायचं ते लोड असताना. करंट वाहताना वाटेत किती व्होल्ट गळतात ते बघायचं, त्याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. नाव अवघड, काम दोन मिनिटांचं. गाडी चालू, हेडलाइट चालू, ब्लोअर फुल, रेस जरा वाढवलेली. मीटर त्याच वीस व्होल्टवर. मीटरची एक काडी (वायरीच्या टोकाची टोकदार सळई) बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. क्लॅम्पवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या पकडीवर, नाही हां, खुंटावर, शिशाचा जो दांडा वर आलाय त्यावर. का? कारण बऱ्याचदा खराबी खुंट आणि क्लॅम्प यांच्या मधेच असते. क्लॅम्पवर काडी ठेवली की तुम्ही खराबीच्या पुढून मोजायला लागता. दुसरी काडी अल्टरनेटरच्या अंगावर, उघड्या धातूवर. 0.2 च्या आत आलं तर अर्थिंग चांगली. मग एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर आणि दुसरी अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर. तिथंही 0.2 च्या आत. काडी घसरू देऊ नका, त्या बोल्टला बॅटरीचा थेट करंट असतो, गाडी बंद असली तरी. पाना बॉडीला लागला तर दिवाळी. आणि काड्या धरताना बेल्ट-फॅनपासून बाही लांब.

(पुतण्या, जरा जवळून घे. हा खुंट, हा क्लॅम्प. दिसतंय?)

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हा शहाणा जन्मापासून शहाणा आहे. एक डिझेल गाडी आली, मालक कासला पर्यटक ने-आण करणारा. यवतेश्वरचा घाट चढताना संध्याकाळी लाइट मंद होतात म्हणाला. बॅटरीवर मोजलं, 13.2. मी लगेच निकाल दिला, अल्टरनेटर गेला. उतरवला, कार्बन बदलले, डायोड प्लेट बदलली, बेअरिंगही टाकलं. लावला. 13.2! दुसरीकडचा चांगला अल्टरनेटर मागून आणला, लावला. 13.2! तोवर आण्णा चहा घेऊन आले. त्यांनी मीटर माझ्या हातातून घेतला आणि थेट अल्टरनेटरवर लावला, एक काडी मागच्या बोल्टवर, एक त्याच्याच अंगावर. 14.3. म्हणजे अल्टरनेटर करंट बनवत होता, बॅटरीपर्यंत पोचत नव्हता. पॉझिटिव्हकडं ड्रॉप 0.1, अर्थिंगकडं पूर्ण 1 व्होल्ट. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी पट्टी बोल्टाखाली गंजून भुगा झाली होती. आण्णा काही बोलले नाहीत. चहा पिऊन गेले. त्या दिवशीची मजुरी मी मालकाकडून घेतली नाही.

आणि बीपवाल्यांनो, त्या पट्टीला बीप वाजत होता! हिशोब करा. चाळीस अँपिअरला 1 व्होल्ट पडतो म्हणजे रेझिस्टन्स 0.025 ओहम. आपला साधा मीटर ओहमवर ठेवून दोन काड्या एकमेकींना टेकवल्या तरी 0.2-0.3 दाखवतो. म्हणजे त्याच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्सच खराबीच्या दहापट. त्याला ती पट्टी कशी दिसणार?

मीटरच नाही? मग जंपर केबल घ्या. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. सेल्फ मारा. आधी कुथणारा सेल्फ आता झटक्यात फिरला, तर नवी बॅटरी घेऊ नका, अर्थिंग दुरुस्त करा. जुन्या गाडीत आणखी एक खूण असते. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागते. इंजिनला बॉडीपर्यंत यायला रस्ता उरला नाही म्हणून बिचारा करंट त्या केबलमधून येतोय. आण्णांनी अशी केबल जळालेली पाहिलीय.

बाकीच्या कमेंट. "बीएस-सिक्स गाडी आहे, चालू असताना 12.8 दाखवते, अल्टरनेटर गेला का?" लगेच तसं म्हणू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीएम ठरवतो. बॅटरी भरलेली असली की चार्ज कमी करतो, ब्रेक लावताना वाढवतो. हेडलाइट, ब्लोअर लावा. मग आकडा वर आला तर काळजी नको. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल, तर चार्जरचा काळा चिमटा खुंटावर लावू नका, बॉडीला लावा. नाहीतर त्या सेन्सरला चार्जिंग झाल्याचा पत्ताच लागत नाही.

"चावी ऑन केली की बॅटरीचा लाल दिवा येतच नाही, छान ना?" अजिबात छान नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला जागं करायचा करंट जातो. बल्ब उडाला की तो झोपूनच राहतो. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी अल्टरनेटर उतरवलेले लोक मला माहीत आहेत.

डायोड? गाडी चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर, बॅटरीवर काड्या. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोडवर संशय घ्या.

आणि ते कराडकडचे ट्रॅक्टरवाले भाऊ. तुमची कमेंट मी दोनदा वाचली. उसाच्या सीझनमध्ये कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर रात्रभर उभा, इंजिन बंद, आणि चार मोठे स्पीकर चालू. सकाळी बॅटरी बसते आणि तुम्ही विचारता लीकेज कुठं आहे? भाऊ, लीकेज वाजतंय की! रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातंय.

खरं लीकेज, म्हणजे सगळं बंद असतानाही बॅटरीतून गळणारा करंट, वेगळं. गाडी बंद, लॉक, अर्धा तास थांबून मोजायचं, 50 मिलीअँपिअरच्या आत हवं. त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल. मीटर सिरीजमध्ये, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल असा, लावून तेवढा सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

शेवटची कमेंट कोरेगावहून, "पट्टी कुठली टाकू?" जुनीपेक्षा बारीक नको. घरातली उरलेली वायर तर मुळीच नको. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बोल्टाखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. रंगावर बोल्ट कितीही आवळला तरी खाली रंगच. पट्टी बसवा, घट्ट करा, वरून व्हॅसलीन. मग परत ड्रॉप मोजा आणि आकडा मला कमेंटमध्ये टाका. बीप नको, आकडा टाका.

थांबा, बाहेर कोण हॉर्न वाजवतंय... ट्रॅक्टर आहे. स्पीकरवाला. पुतण्या, कॅमेरा बंद कर.