लिबर्टी काउंटीची पत्रे: आजार, श्रद्धा आणि गुलामगिरी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगतच्या लिबर्टी काउंटीत एकोणिसाव्या शतकात उन्हाळा म्हणजे तापाचा हंगाम. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने हिवताप होतो, असा तेव्हाचा समज होता. डासांवर अजून फारसा कोणाचा संशय गेला नव्हता. म्हणून प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक चार्ल्स कोलकॉक जोन्स यांचे कुटुंब हिवाळा माँटेव्हिडिओ मळ्यावर काढी आणि उन्हाळ्यात समुद्रवाऱ्यावरच्या मेबँक मळ्यावर जाई. भातशेतीत राबणारे गुलाम मागेच राहत.

१८५०च्या दशकात थोरला मुलगा चार्ल्स सव्हॅना शहरात वकिली करू लागला, तर धाकटा जोसेफ फिलाडेल्फियात वैद्यक शिकत होता. वडिलांच्या पत्रांत कोणाला ताप आला, कोणाला उतार पडला, हे बारकाईने येई आणि त्यापाठोपाठ परमेश्वराचे आभार. औषध देणे वैद्याचे काम, गुण येणे देवाच्या हाती, ही त्यांची श्रद्धा डॉक्टर होऊ घातलेल्या मुलासमोरही ढळली नाही. स्वतः जोन्स अंग झिजवणाऱ्या पक्षाघाताने खचत चालले होते, आणि तो आजारही त्यांनी ईश्वरी इच्छा म्हणूनच स्वीकारला. गुलामांची दुखणीही या पत्रांत नोंदलेली आहेत. त्या काळजीत खरेपणा नव्हता असे म्हणवत नाही. पण ती मालकाची काळजी होती.

तरुणपणी अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत शिकत असताना, गुलामगिरी तत्त्वतः चूक आहे, असे याच जोन्स यांनी वाग्दत्त वधू मेरीला कळवले होते. पुढे ते शंभराहून अधिक माणसांचे मालक झाले, आणि गुलामांना ख्रिस्ती शिकवण देण्यासाठी त्यांनी १८३७ साली प्रश्नोत्तरांचे पुस्तकही लिहिले.

१८५६ मध्ये जेन ही गुलाम तरुणी मळ्यावरून पळाली आणि सव्हॅनात सापडली. त्यानंतर तिला आईवडील फीबी आणि कॅशस यांच्यासह विकण्यात आले. मार्च १८५७ मध्ये या आईवडिलांनी न्यू ऑर्लिन्सहून पत्र पाठवले. जेन फेब्रुवारीत वारली. कोणी डॉक्टर फुप्फुसाच्या आवरणाची सूज म्हणाले, कोणी क्षय. आकसापोटी आम्हाला विकले, तरी ते आमच्या भल्यासाठीच असेल अशी आशा आहे, असे त्यांनी लिहिले आणि मागे राहिलेली मुलगी क्लॅरिसा व नातवंडे यांना प्रेम कळवले. दुःखातही भले शोधण्याची शिकवण जोन्स आयुष्यभर देत आले होते; इथे मात्र ते दुःख देवाने नव्हे, त्यांच्याच घराने दिलेले होते.