पाटीलबावांचा उजवा पाय

श्रोतेहो, नमस्कार.

बोलायला सुरुवात करण्याआधी या टेबलावर बोटांनी एक ताल वाजवते, तो ऐका. टप् टप्, टप् टप्, टप् टप्. दोन्ही ठोके सारखे. धडधाकट घोडा दुडकी चालतो तेव्हा असा आवाज येतो. आता हा दुसरा ऐका. टप् धप्, टप् धप्, टप् धप्. एक ठोका हलका, एक जड. पुष्कळांना वाटतं, ज्या पायाचा ठोका जड तोच पाय दुखत असणार. ते उलट आहे. दुखऱ्या पायावर घोडा जपून उतरतो, म्हणून तिथे आवाज हलका येतो, आणि मग सगळा भार चांगल्या पायावर आदळतो. गेलं सव्वा वर्ष मी रोज सकाळी हा दुसरा ताल ऐकते आहे. तो कशामुळे आहे हे अजून कोणालाही ठामपणे सांगता आलेलं नाही.

घोडा आमचा आहे. ग्वाल्हेरात मुरारच्या पुढे आमची थोडी शेती आहे, तिथे त्याचा तबेला. पुण्याच्या शर्यतीच्या मैदानावर धावलेला, पाच वर्षांचा असताना आमच्याकडे आला. आला तोच लंगडत. डाव्या पुढच्या पायाची गुडघ्याखालची शीर, जिला डॉक्टर कंडरा म्हणतात, ती धावताना दुखावली होती. गाडीतून उतरवल्यावर आमच्या काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आपले पाटीलबावा." पाटीलबावा म्हणजे महादजी शिंदे, आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे वेगळं सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्यांच्या पायाला जबर वार लागला, राणेखान भिस्त्याने त्यांना बैलावर घालून दक्षिणेत आणलं, आणि पुढे आयुष्यभर ते त्या पायाने लंगडत चालले. त्याच पायाने त्यांनी पुढची सगळी राजकारणं केली. तेव्हापासून आमच्या घोड्याचं नाव पाटीलबावा.

डाव्या पायाची काळजी नव्हती असं नाही, पण तिथे काय झालं आहे ते कळत होतं. कंडरेचे तंतू तुटले की भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि भरून येतं ते पूर्वीसारखं लवचीक नसतं, कारण तो वण असतो. म्हणून आधी तबेल्यात विश्रांती, मग हाताने धरून दहा मिनिटं चालवणं, मग वीस, मग तीस. चंदी कमी केली, जई आणि हरभरा जवळजवळ बंद, गवत भरपूर. रोज चौखूर पळणाऱ्या जनावराला एका जागी उभं करणं ही त्याला शिक्षाच असते. तो दार चावायला लागला, एका जागी डुलायला लागला. शेजारच्या बाईंनी त्यांची एक शेळी आणून सोडली, तेव्हा तो निवला. दहाव्या महिन्यात सोनोग्राफी केली, कंडरा छान जुळून आली होती. घरी पेढे वाटले.

आणि आषाढातल्या पहिल्या पावसानंतर एका सकाळी तो उजव्या पायाने लंगडायला लागला.

उजव्या पायाला कधी काही झालंच नव्हतं. सूज नाही. हात फिरवला तर गरम लागत नाही. खुराच्या वर, सांध्याच्या मागे दोन्ही कडांना बोट ठेवलं की नाडी लागते. खुरात दाह असेल तर ती ठणठण उडते. ती शांत होती. डॉक्टरांनी खुराचा मोठा चिमटा लावून तळवा इंचाइंचाने दाबून पाहिला. कुठेही पाय ओढून घेतला नाही. एक्स-रे काढला, स्वच्छ. हाडातली केसासारखी भेग पहिल्या दिवशी कित्येकदा दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी उमटते, म्हणून बाराव्या दिवशी पुन्हा काढला. तोही स्वच्छ.

मग त्यांनी बधिर करून पाहिलं. ही पद्धत मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगते. घोड्याला विचारता येत नाही की बाबा, कुठे दुखतंय. म्हणून पायाच्या अगदी खालच्या टोकापासून सुरुवात करायची. टाचेकडे जाणाऱ्या नसांपाशी बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं, काही मिनिटं थांबायचं, आणि घोड्याला पुन्हा दुडकी चालवायचं. लंगडणं थांबलं तर दुखणं त्या भागात. नाही थांबलं तर एक पायरी वर. असं जिना चढल्यासारखं. आमच्या पाटीलबावांचं पहिल्या पायरीला निम्मं लंगडणं गेलं. निम्मंच. वरच्या पायरीला आणखी थोडं गेलं, पूर्ण कधीच नाही. डॉक्टर हातातली सिरिंज खाली ठेवून म्हणाले, "ताई, टाचेत काहीतरी आहे, आणि आणखी कुठेतरी काहीतरी आहे. एवढंच मी खात्रीने सांगू शकतो." खुराच्या आतल्या मऊ भागांसाठी एमआरआय हा उत्तम उपाय, पण तो माझ्या आवाक्याबाहेरचा होता.

त्या दिवशी मी शेतावरून घरी येताना रडले. डाव्या पायाच्या वेळी निदान वाट ठाऊक होती. इथे वाटच नव्हती. आणि अशा वेळी माणसाच्या हातून चूक होते, तशी माझ्या हातून झाली. ओळखीतल्या एकाने सांगितलं, ही वेदनेची पूड चंदीतून द्या, आठ दिवसांत बघा. डॉक्टरांना न विचारता मी ती दिली. तिसऱ्या दिवशी पाटीलबावा खुशीत पळायला लागले आणि मला वाटलं, जिंकलो. सहाव्या दिवशी पाय टेकवेना, आणि गवतही सोडलं. डॉक्टर आले ते माझ्यावर चिडलेच. दुखणं मुळीच गेलं नव्हतं, फक्त घोड्याला कळेनासं झालं होतं, आणि दुखऱ्या पायावर तो मनसोक्त धावला होता. वर ती पूड पोटात जाऊन जठराला त्रास. शर्यतीच्या घोड्यांपैकी बहुतेकांच्या जठरात आधीच व्रण असतात, मग अशी औषधं आगीत तेल. म्हणून हात जोडून सांगते, वेदनाशामक डॉक्टरांच्या मापाने आणि त्यांच्या मुदतीपुरतंच. माणसांच्या गोळ्या तर कधीच नाहीत. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंद आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरत होती.

त्यानंतर मी एक वही घातली. साधी शाळेची वही. पहिल्या पानावर डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य लिहिलं, एका वेळी एकच बदल, आणि त्याला दोन आठवडे. हे वाचायला सोपं वाटतं. पण जीव घाबरलेला असतो तेव्हा आपण एकाच दिवशी नाल बदलतो, लेप लावतो, खाणं बदलतो, चालवणं बंद करतो, आणि घोडा बरा झाला तरी कशाने झाला हे कळत नाही, बिघडला तरी कळत नाही. वहीत रोज चारच गोष्टी. कशा जमिनीवर चालवला. मान कशी हलली. दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो, हे दुडकीत स्पष्ट दिसतं. हवा कशी होती. आणि नालबंद येऊन किती दिवस झाले.

भाचा आठवड्यातून एकदा मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करायचा. डोळ्यांना जे निसटतं ते त्यात सापडतं.

तीन महिन्यांनी वही उलगडून बसले तेव्हा हातात काहीतरी लागलं. वाळूत तो जवळजवळ सरळ चालत होता, डांबरी रस्त्यावर लंगडत होता. वर्तुळात उजवीकडे फिरवला की जास्त, डावीकडे कमी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नाल मारून पाचवा आठवडा उलटला की दर वेळी वाईट. मी वही नालबंदाच्या पुढे ठेवली. सत्तरी गाठलेला माणूस, आयुष्य ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या टांग्यांच्या घोड्यांत गेलेलं. त्याने पाय मांडीवर घेतला, खुराची पुढची बाजू अंगठ्याने मोजली आणि म्हणाला, "दीदी, पंजा लंबा है, एडी दबी हुई है. रेस का पैर है ये." शर्यतीच्या घोड्यांना हलके ॲल्युमिनियमचे नाल मारतात, त्यांचा तळवा बहुधा पातळ, पुढचं टोक लांब आणि टाच बसकी होत जाते. टाच बसली की टाचेमागच्या भागावर ताण. डावा पाय वर्षभर दुखत होता तेव्हा घोड्याच्या वजनाचा मोठा वाटा उजव्यानेच उचलला. शरीराचा सुमारे साठ टक्के भार तसाही पुढच्या दोन पायांवरच असतो, आणि गुडघ्याखाली घोड्याला स्नायूच नाहीत, सगळा ताण कंडरांवर आणि हाडांवर.

हे खरं कारण आहे का? डॉक्टर म्हणतात, एक कारण असू शकेल. नालबंद म्हणतो, शंभर टक्के. मी डॉक्टरांच्या बाजूची आहे. पण आता नालबंद पाच आठवड्यांच्या आत येतो, दर वेळी पुढचं टोक थोडंसंच छाटतो. एकदम छाटून चालत नाही. खूर महिन्याला साधारण आठ-नऊ मिलिमीटर वाढतो. वरच्या कातडीपासून खालच्या टोकापर्यंत नवा खूर उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणजे पुण्याच्या मैदानावरचा खूर केव्हाच कापला गेला, पण त्याचा आकार अजून आपल्या ग्वाल्हेरच्या मातीत बदलतो आहे. त्यात आपली माती. जेठात दगडासारखी, आषाढात चिखल. त्या बदलाने खूर फुगतो, आकसतो, चिरतो. म्हणून पावसाळ्यात त्याच्या उभं राहण्याच्या जागी मी वाळू घालते.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाकडे घोडा असेल, तर हेही सांगायला हवं की सगळंच लंगडणं वाट पाहण्याजोगं नसतं. घोडा पाय जमिनीला लावतच नसेल, ताप १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर असेल, सांधा सुजून गरम झाला असेल, किंवा दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून मागे रेलून उभा असेल, तर त्याच घटकेला डॉक्टर. तळव्यात खिळा रुतलेला दिसला तर लगेच उपटू नका. किती खोल आणि कोणत्या दिशेने गेला आहे ते डॉक्टरांना पाहू द्या. आणि धनुर्वाताची लस. घोड्याइतका धनुर्वाताला हळवा दुसरा प्राणी क्वचितच असेल.

आणि ज्यांच्याकडे घोडा नाही, त्यांनाही एक विनंती. लग्नसराईत तुमच्या दारी घोडी येईल. बँड सुरू होण्याआधी ती रस्त्यावरून येताना तिच्या टापा ऐका. ठोके सारखे नसतील तर मालकाशी प्रेमाने बोला, दुसरी घोडी मागा. नवरदेव दहा मिनिटं थांबेल.

लोक मला विचारतात, लंगडा घोडा किती दिवस पोसणार? त्याला त्रास होत नाही का? हा प्रश्न मीही स्वतःला विचारते, आणि त्याचं उत्तर वहीत शोधत नाही. घोडा उभ्याउभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपायला त्याला आडवं व्हावंच लागतं. पाय फार दुखत असेल तर तो आडवा व्हायला धजत नाही, कारण पुन्हा उठायचं असतं. त्या पुडीच्या आठवड्यानंतर पाटीलबावा कितीतरी रात्री आडवे झाले नव्हते. सकाळी अंग कोरं करकरीत, खराऱ्याला काही लागायचं नाही.

आता मी तबेल्याचं दार उघडते ती पायाकडे बघत नाही. आधी कुशीकडे बघते. काल सकाळी डाव्या कुशीला पेंढा चिकटलेला होता, आणि दोन काड्या आयाळीतसुद्धा.

नमस्कार.