लाईन १०० ची, मग रिलेचा आकडा एवढा कमी का?

(दृश्य: नाशिकच्या सिडकोतला एक फ्लॅट, टीव्हीच्या मागे ठेवलेला छोटा कॉम्प्युटर)

हा जो छोटा डबा दिसतोय ना, याला स्क्रीन नाही कीबोर्ड नाही, एक पॉवरची वायर आणि एक लॅनची वायर, बस्स. हा टॉर नेटवर्कचा रिले आहे, म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या नेटवर्कमधला एक थांबा. जगात कुठेतरी एखादा पत्रकार किंवा घरच्यांच्या नकळत मदत शोधणारी एखादी बाई टॉर ब्राउझर उघडते, तेव्हा तिचा ट्रॅफिक एकामागोमाग तीन रिलेंमधून जातो, आणि माणूस कोण आणि चाललाय कुठे हे दोन्ही त्यातल्या कुठल्याच एका रिलेला कळत नाही. टॉरचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, आणि हे रिले स्वयंसेवक आपापल्या खर्चाने चालवतात. नाशिकचा हा रिले मधला आहे, एक्झिट नाही, म्हणजे इथून थेट कुठल्या वेबसाइटला काही जात नाही.

आमच्या मित्राने तो लावला आणि काही आठवड्यांनी म्हणाला, "अरे, लाईन १०० एमबीपीएसची आहे, स्पीडटेस्ट पण १०० दाखवतेय, आणि टॉरच्या साइटवर माझ्या रिलेसमोर २ च्या आसपास लिहिलंय, हे काय?" तिथून या व्हिडिओचं काम सुरू झालं.

आधी सगळ्यात साधी गोष्ट, एककं. आपली इंटरनेट कंपनी बिटमध्ये बोलते, टॉरची साइट बाइटमध्ये. ८ बिटचा १ बाइट, म्हणजे १०० मेगाबिटची लाईन पूर्ण भरली तरी साडेबारा मेगाबाइटच दिसणार. वर रिले जेवढं घेतो तेवढंच पुढे देतो, त्यामुळे डाउनलोड कितीही असू दे, अपलोड कमी असेल तर आकडा अपलोडवरच अडकतो. टॉरआरसी ही टॉरच्या सेटिंगची फाइल पण एकदा उघडून बघायची, रिलेबँडविड्थरेट नावाची जुनी मर्यादा पडून असेल किंवा बाइटच्या जागी बिट लिहिलं असेल तर पुढची सगळी शोधाशोध फुकट.

पण साडेबारा आणि २ यात तरी खूप अंतर आहे.

आता हा आकडा येतो कुठून ते समजलं पाहिजे, कारण लोक इथेच वैतागून रिले बंद करतात. रिले स्वतःचा एक आकडा जाहीर करतो, गेल्या ५ दिवसांत सलग १० सेकंद जास्तीत जास्त किती डेटा खरोखर वाहिला तो. लाईनची ताकद नाही, प्रत्यक्ष वाहिलेलं. आणि दुसरीकडे टॉरची मोजणी करणारी मशिन्स तुमच्या रिलेतून फाइल उतरवून बघतात, त्या मोजण्यांमधला मधला आकडा घेऊन दर तासाला निघणाऱ्या रिलेंच्या यादीत तुमचं वजन ठरतं, आणि वजनाप्रमाणे ट्रॅफिक येतो. आता गंमत बघा, वजन कमी म्हणून ट्रॅफिक कमी, ट्रॅफिक कमी म्हणून वाहिलेलं कमी, म्हणून जाहीर आकडा पण कमी. आपल्याकडे विहीर उपसली की झरे मोकळे होतात म्हणतात, तसंच आहे हे, उपसाच नसेल तर पाणी किती आहे ते कळणार कसं? म्हणून नवीन रिलेचे पहिले ३ दिवस तर सोडूनच द्यायचे, तेव्हा मोजणीच झालेली नसते.

शिवाय ही मोजणारी मशिन्स आहेत युरोप-अमेरिकेत. नाशिकहून तिथपर्यंत जाऊन यायला वेळ लागतो आणि जितकं अंतर जास्त तितका एका कनेक्शनचा वेग मार खातो. जर्मनीतल्या डेटा सेंटरमधला रिले आणि आपला रिले सारख्याच वेगाच्या लाईनवर असले तरी आपला आकडा खालीच राहणार, हा आपल्या मशीनचा दोष नाही, आणि हे मला मनापासून खटकतं कारण टॉरला युरोपाबाहेरच्याच रिलेंची जास्त गरज आहे.

(दृश्य: निक्स या टॉर रिलेवर नजर ठेवायच्या प्रोग्रॅमवरचा ट्रॅफिकचा आलेख, करवतीच्या दातांसारखा वरखाली)

तरी सगळं खापर अंतरावर फोडून चालणार नाही, कारण हा आलेख बघा, चढतो, चढतो आणि धपकन शून्यावर येतो, परत चढतो. अंतरामुळे असं होत नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर ठरलेलं, "सर, स्पीड तर बरोबर येतोय, एकदा राउटर बंद करून चालू करा." स्पीड बरोबरच येणार हो, स्पीडटेस्ट मोजकी कनेक्शन उघडते. टॉर रिले एकाच वेळी हजारो उघडी ठेवतो, टॉर प्रोजेक्ट सांगतं की किमान ७००० झेपली पाहिजेत. फुकटात मिळालेल्या राउटरमध्ये प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवायचं एक टेबल असतं, ते भरलं की नवीन कनेक्शन घेणं बंद आणि जुनी पण तुटायला लागतात. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे त्याने राउटरचं काम सोडून लाईन नुसती पुढे द्यायची, मागे स्वतःचा बऱ्यापैकी राउटर लावला, आणि आलेखाचे दात गेले.

प्रोसेसर पण बघून घ्यायचा. टॉरचं बरंचसं काम एकाच कोअरवर होतं, टॉप नावाच्या, कुठला प्रोग्रॅम किती प्रोसेसर खातो ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये टॉर १०० टक्क्यांना टेकलेला दिसला तर लाईनला दोष देऊ नका. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या खास सूचना प्रोसेसरमध्येच नाहीत, पाय ५ वर आहेत.

आणि काहीही करा, फॉरमॅट मारण्याआधी कीज नावाचं फोल्डर कॉपी करून ठेवा. रिलेची ओळख त्यात असते, ती गेली की नेटवर्कसाठी तुम्ही आज जन्मलात, सगळं वजन पहिल्यापासून.

एवढं सगळं करून आकडा चढला. मग आठवडाभर चांगला टिकल्यावर गार्डचा, म्हणजे तीनातला पहिला रिले व्हायचा, शिक्का मिळाला आणि ट्रॅफिक पुन्हा उतरला! घाबरायचं नाही, गार्ड झाल्यावर मधल्या जागेसाठी तुम्हाला कमी निवडतात आणि गार्ड म्हणून लोक हळूहळू येतात कारण प्रत्येकजण आपला गार्ड कित्येक आठवडे बदलत नाही. टॉर प्रोजेक्टने २०१३ मध्येच हा उतार समजावून सांगितलाय. या काळात सेटिंगला हात लावला, सारखं रिस्टार्ट केलं, तर नुकसान आपलंच, कारण शिक्का टिकतो तो सलग चालू राहण्यावर.

सलग चालू राहणं म्हटलं की नाशिकमध्ये पहिला प्रश्न लाईटचा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे, राउटरला मिनी यूपीएस लावलाय, तरी लाईट गेली की नेट जातंच, कारण जिन्याखालच्या पेटीत कंपनीचा जो स्विच आहे तो बिल्डिंगच्या लाईटवर चालतो. आता सोसायटीच्या सेक्रेटरी काकांशी बोलणं चालू आहे, लिफ्टच्या बॅकअपवरून त्या पेटीला एक पॉइंट द्यायला ते तयार आहेत, वायरमन रविवारी येतोय.