वळणावरची थरथर

नवी मुंबईत तुर्भे एमआयडीसीतल्या एका गल्लीत सकाळी साडेनऊच्या सुमारास एक डबल-कॅब पिकअप अगदी हळू वळसा घेत गॅरेजसमोर येते, आणि ती पुरती वळण्याआधीच तिच्या मागच्या एक्सलमधून निघणारी कडकड शेडच्या आतपर्यंत ऐकू येते. उलव्याच्या बांधकामांवर जनरेटर आणि सळ्या पोहोचवणारी ही गाडी आहे. चालकाची तक्रार थोडक्यात अशी : "मिस्त्री, यू-टर्न मारला की मागून कुणी लाथा घालतंय असं वाटतं. आणि चिखलात गेली की डावं चाक नुसतं फिरतं, गाडी जागची हलत नाही." दुसऱ्या एका गॅरेजने डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांना फिरकी वाटून देणारा दातचाकांचा नग, संपल्याचे सांगून अख्खा नग बदलायला सांगितले होते.

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, आणि ही मुभा देणे हे डिफरन्शिअलचे काम असते. त्या मुभेचा तोटा चिखलात दिसतो, कारण एक चाक निसटू लागले की सगळी फिरकी त्याच चाकाकडे जाते आणि घट्ट जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे राहते. या गाडीत आहे तशा लिमिटेड-स्लिप, म्हणजे घसरण मर्यादित ठेवणाऱ्या, डिफरन्शिअलमध्ये यावर उपाय म्हणून आत दोन्ही बाजूंना पोलादी आणि घर्षण-प्लेटांची चळत बसवलेली असते. स्प्रिंगच्या दाबाखाली त्या प्लेटा एकमेकींना धरून ठेवतात आणि दोन चाकांमधला फरक मर्यादेत राखतात. लिमिटेड-स्लिपची कल्पना १९३० च्या दशकात ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांत वापरली गेली होती. आज तिच्याकडून अपेक्षा आहे ती उलव्याच्या भरावातून जनरेटर बाहेर काढण्याची.

चालकाने सांगितलेल्या दोन तक्रारी मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. कडकड होते ती प्लेटा धरतात, सुटतात आणि पुन्हा धरतात म्हणून. चाक नुसते फिरते ते प्लेटा धरतच नाहीत म्हणून. पुरती झिजलेली चळत वळणावर बहुधा आवाजच करत नाही, ती साध्या डिफरन्शिअलसारखी गुपचूप वागते. त्यामुळे वळणावरचा आवाज हा झिजेचा पुरावा मानून गाडी खोलणे ही घाई ठरते, आणि ती घाई सर्रास केली जाते.

मिस्त्री म्हणूनच आधी पाना उचलत नाहीत, प्रश्न विचारतात. डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा गिअर, लावूनच राहिले होते का? राहिले असेल तर वळताना अशीच ओढाताण जाणवते. पण तसे नव्हते. मागच्या एक्सलकडे फिरकी नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, हलवून पाहिला जातो, तोही घट्ट निघतो. मग ते मागच्या टायरांपाशी बसतात. डावा टायर महिन्याभरापूर्वी पंक्चरने फाटल्यामुळे नवा घातलेला आहे, उजवा जुनाच आहे, आणि टेप लावल्यावर दोघांच्या व्यासात जवळजवळ १ सेंटिमीटरचा फरक निघतो. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करून पाहावा : ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे घेते, तर ६९ सेंटिमीटरचे ४६१. म्हणजे अगदी सरळ रस्त्यावरही दोन चाकांमध्ये दर किलोमीटरला सहाहून अधिक फेऱ्यांची तफावत पडते, आणि वळणापुरते घसरायचे असलेल्या प्लेटा दिवसभर घासत राहतात.

आता ऑइल. ड्रेन प्लग सुटतो आणि ट्रेमध्ये उतरते ते काळसर सोनेरी गिअर ऑइल नव्हे, तर कटिंग चहाच्या रंगाचा दाट द्रव. पाणी शिरले आहे. पावसाळ्यात तापलेला एक्सल साचलेल्या पाण्यात उतरला की आतली हवा एकदम थंड होऊन आक्रसते आणि बाहेरून हवा ओढू लागते. त्यासाठी वर ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करण्याचे तोंड, असतो, पण इथे तो चिखलाने बुजलेला आहे, त्यामुळे पाण्याला ऑइल सीलच्या कडेने वाट मिळाली. प्लगच्या चुंबकावर काजळासारखा मऊ लेप आहे, आणि तेवढा तर असायचाच. बोटाला टोचणारे कपचे मात्र नाहीत, म्हणजे क्राउन-पिनियन ही मुख्य दातचाकांची जोडी बहुधा शाबूत आहे. चालक आठवून सांगतो की दोन महिन्यांपूर्वी कुठेतरी ऑइल बदलून घेतले होते, आणि कडकड त्यानंतरच सुरू झाली. साधे जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल दात सांभाळते, पण लिमिटेड-स्लिपच्या प्लेटांना एकमेकींवरून अलगद सरकण्यासाठी घर्षण कमी करणारे वेगळे द्रव्य लागते, आणि ते त्यात बहुधा घातलेलेच नव्हते.

ब्रीदर साफ होतो, एक्सल धुऊन योग्य ऑइल त्या द्रव्यासह भरले जाते, दोन्ही बाजूंना जोडीचे टायर चढतात. मागच्या मोकळ्या प्लॉटवर चालक इंग्रजी आठाच्या आकारात, पायी चालण्याच्या वेगाने दहा-बारा फेऱ्या मारतो, जेणेकरून नवे ऑइल प्लेटांच्या मध्ये शिरेल. सातव्या फेरीपर्यंत कडकड येते आणि जाते. नंतर ती थांबते.

चालक खूश आहे, मिस्त्री नाहीत. "आवाज गेला रे दादा, पण चिखलाचं काय?" असे म्हणत ते पुढची चाके दगडांनी अडवतात, गिअर न्यूट्रलमध्ये घेतात आणि फक्त डावे मागचे चाक जॅकवर उचलून खाली स्टँड लावतात. या स्थितीत इंजिन सुरू करून गिअर टाकण्याचा मोह जिवावर बेतू शकतो, कारण जमिनीवरचे चाक धरले तर गाडी जॅकवरून उडी घेते. म्हणून चाचणी हातानेच करायची : चाकाच्या मध्यावर टॉर्क रेंच, म्हणजे फिरवण्याचा जोर मोजणारा पाना, लावून ते फिरू लागण्यापुरता किती जोर लागतो ते पाहायचे. हाच निकष सगळ्या प्रकारांना लावता येत नाही, कारण काही डिफरन्शिअलमध्ये चाकांच्या वेगात मोठा फरक पडल्यावरच पकड येते आणि हाताने फिरवल्यास ती निरोगी असूनही सैल वाटतात. या गाडीतली चळत प्लेटांचीच आहे, हे पुस्तिकेवरून आधी पाहून घेतले होते.

रेंचचा काटा हलतो न हलतो तोच चाक फिरते. पुस्तिकेतल्या किमान आकड्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका जोर लागला. तीनदा करून पाहिले तरी तेच. आधीच्या गॅरेजचे निदान शेवटी बरोबर निघाले, पण ज्या आवाजावरून ते केले होते तो आवाज वेगळ्याच कारणाचा होता, आणि अख्खा नग बदलला असता तरी चुकीचे ऑइल व विजोड टायर तसेच राहिले असते.

दुपारी एक्सल खोलला जातो. बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी मिस्त्री त्यांवर पंचने एक आणि दोन ठिपक्यांची खूण करतात, कारण त्या जिथल्या तिथेच बसल्या पाहिजेत. मग प्लेटा एकेक करून फडक्यावर मांडल्या जातात. डाव्या बाजूच्या घर्षण-प्लेटांवरच्या खाचा गुळगुळीत होऊन गेल्या आहेत, आणि त्यांच्यालगतच्या दोन पोलादी प्लेटांवर तापल्याची निळी झाक उतरली आहे. मायक्रोमीटर लावल्यावर चार प्लेटांची जाडी मर्यादेखाली भरते. क्राउनचे दात आणि स्टार, म्हणजे आतली छोटी दातचाके, मात्र सुस्थितीत आहेत, त्यामुळे फक्त प्लेटांचा संच मागवला जातो.

संच संध्याकाळी येतो, पण लगेच बसत नाही. नव्या घर्षण-प्लेटा कोरड्या बसवल्या तर जळू शकतात. मिस्त्री त्या एका स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने उभ्या करतात, त्या पूर्ण बुडेपर्यंत ऑइल ओततात, वर वर्तमानपत्र झाकतात, आणि उद्याच्या चाचणीसाठी टॉर्क रेंच त्याच ट्रेशेजारी ठेवून शटर ओढून घेतात.