मार्क हर्ड: शेवटाकडून ऐकायचा गायक

(पडदा काळा. मॅन्डोलिनच्या तारेवर एकच आघात. सूर लगेच विरतो.)

मॅन्डोलिनचा सूर असा चटकन विझतो, कारण तार आखूड. हिंदी सिनेमातल्या वादकांनी पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पातीने, तोच सूर भराभर थरथरवत ठेवला आणि ती उणीव झाकली. अमेरिकेतल्या मार्क हर्ड या ख्रिस्ती रॉक गायक-गीतकाराने दुसरी वाट धरली. इलेक्ट्रिक मॅन्डोलिन ॲम्प्लिफायरला जोडलं, आवाज फाटेपर्यंत चढवला आणि जिथे रॉकमध्ये गिटार असते तिथे ते आणून बसवलं. 1992 चा 'सॅटेलाइट स्काय' हा अख्खा अल्बम त्या आवाजाने भरलेला आहे. त्याच वर्षी तो गेला, चाळिसाव्या वर्षी.

(मॅन्डोलिनचं जवळून दृश्य. आठ तारा, चार जोड्या.)

तारा आठ, पण सूर चार: व्हायोलिनसारखेच सा-प, सा-प अशा अंतराने लावलेले. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकाच सुरात. दोन्ही तंतोतंत कधीच जुळत नाहीत, किंचित फरक राहतो, आणि ॲम्प्लिफायरमध्ये तो फरक मोठा होऊन आवाजाला खरखर येते. 'सॅटेलाइट स्काय' पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, गिटार जरा बारीक आवाजाची आहे. ती गिटार नव्हे.

(जॉर्जियाचा नकाशा.)

हर्डचा जन्म 1951 चा, जॉर्जिया राज्यातल्या मेकनचा. तरुणपणी तो स्वित्झर्लंडमधल्या लाब्री या ख्रिस्ती अभ्यासकेंद्रात फ्रान्सिस शेफर या धर्मविचारवंताकडे शिकला. श्रद्धेविषयीच्या शंका तिथे दडपल्या जात नसत, त्यावर तासन्‌तास चर्चा चाले. पुढे लॉस एंजेलिस, घरचा स्टुडिओ, आणि इतरांचे अल्बम रेकॉर्ड करून देण्याचं काम. गाणं लिहिणारा, वाजवणारा आणि यंत्रांची बटणं फिरवणारा माणूस एकच.

मग हा ऐकिवात का नाही? ऐंशीच्या दशकात ख्रिस्ती रॉक मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत विकलं जाई, बायबलांच्या शेजारी. तिथल्या गिऱ्हाइकाला गाण्यात येशूचं नाव हवं आणि शेवटी दिलासा हवा. हर्डच्या गाण्यात झोप न येणारी रात्र असते, घाईचा संसार असतो, देवापुढे मांडलेली तक्रार असते. तुकोबांची विठ्ठलाशी भांडणं ऐकत वाढलेल्यांना त्यात वावगं काही वाटणार नाही. त्या दुकानांना मात्र हे कमी धार्मिक वाटलं, आणि बाहेरच्या रेडिओला चर्चवाल्यांचं. दोन घरचा पाहुणा उपाशी.

(पडद्यावर अल्बमांची वर्षं: 1975 ते 1992.)

आता ऐकायचं कसं. पहिली चूक म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करणं. सुरुवातीच्या काळातला, 1979 चा 'ॲपलाचियन मेलडी' गोड आहे, पण त्यावरून पुढचा हर्ड ओळखू येत नाही. 1981 ते 85 मधल्या अल्बमांत शब्द चांगले, पण ड्रम आणि कीबोर्डचा आवाज त्या काळाचा, आज जुनाट वाटणारा. तिथेच बरेच जण सोडून देतात. 1987 चा 'ट्रायबल ऑपेरा' तर त्याने आयडिओला या नावाने काढला, त्यामुळे त्याच्या नावाने शोधलं तर तो निसटूही शकतो. शिवाय हर्ड या आडनावाचा इंग्रजीतला अर्थच 'ऐकलं', त्यामुळे शोधताना भलतंच काहीतरी समोर येतं. नावाबरोबर अल्बमचं नावही टाका.

सुरुवात 1991 च्या 'सेकंड हँड'पासून करा. मग 1990 चा 'ड्राय बोन्स डान्स', मग 'सॅटेलाइट स्काय'. हे तिन्ही त्याच्या स्वतःच्या फिंगरप्रिंट रेकॉर्ड्सचे. सांगणारं वर कोणी नव्हतं.

'सेकंड हँड'मधलं 'नॉड ओव्हर कॉफी' आधी घ्या. सकाळची कॉफी, कामाला निघालेले दोघं, बोलायला वेळ नाही म्हणून नुसती मान हलवणं. उपदेश नाही, दिवस कसे हातातून जातात तेवढंच. पहिल्यांदा शब्द समोर ठेवून ऐका. त्याच्या ओळी लांब, अक्षरं दाटीवाटीने बसवलेली. नुसत्या कानाने निम्मी सुटतात. दुसऱ्यांदा शब्द बाजूला ठेवा आणि वाद्यांवर लक्ष द्या. मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून हेडफोन घ्या. 'ड्राय बोन्स डान्स'मध्ये अकॉर्डियन येईल. आपल्या पेटीचाच भाऊबंद, दोन्हींत हवेने पत्ती थरथरते.

(इलिनॉयमधलं मोकळं मैदान.)

4 जुलै 1992. इलिनॉयमधल्या बुशनेलजवळ कॉर्नरस्टोन महोत्सव. गाताना हर्डला हृदयविकाराचा झटका आला. त्याने कार्यक्रम पुरा केला, मग रुग्णालय. 16 ऑगस्टला तो गेला.

त्या दिवशी सोबत वाजवणारे पियर्स पेटिस पुढे आपल्या अल्बमांत हर्डचं एकेक गाणं घेत राहिले. कॅनडाचे गायक ब्रूस कॉकबर्न यांनी त्याच्यावर गाणं लिहिलं. आणि अमेरिकी गायक बडी मिलरने 2004 मध्ये हर्डचं 'वरी टू मच' पुन्हा गायलं.

हे दोन्ही अवतार पाठोपाठ ऐका. हर्डच्या गाण्यात जगातल्या धास्तींची यादी धापा टाकत येते, आणि शेवटी तो म्हणतो, मीच जरा जास्त काळजी करतो बहुधा. एकट्या माणसाचं पुटपुटणं. मिलरच्या मागे गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गाणाऱ्या बायका उभ्या आहेत, तेच शब्द आता सगळ्या मंडळीचे होतात. मिलरचं आवडलं, तर ॲपवर गाण्याचं श्रेय उघडून गीतकाराच्या रकान्यात पाहा. गायकाच्या नावाखाली हर्ड सहसा दिसत नाही.

(पुन्हा तीच तार. या वेळी ॲम्प्लिफायरसह. सूर लांबतो. पडदा काळा.)