पेटीतला कागद आणि तीस नावांची यादी

[दृश्य : लालबाग. चाळीतली खोली. पलंगाखालून ओढली जाणारी पत्र्याची पेटी.]

ही पेटी आईची. वर दोन जुनी लुगडी, त्याखाली रेशनकार्ड, एलआयसीच्या पावत्या, आणि अगदी तळाशी, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला हा कागद. कडेने नोटेवर असते तशी नक्षी, खाली दोन संचालकांच्या छापील सह्या, कोपऱ्यात फोलिओ नंबर. मधोमध टाइपरायटरवर उमटलेलं बाबांचं नाव. त्यातलं एक अक्षर ओळीच्या किंचित वर उडालंय. शंभर शेअर, प्रत्येकी दर्शनी किंमत दहा रुपये. तारीख सप्टेंबर १९९४.

बाबा परळच्या एका मिलच्या ऑफिसात कारकून होते. १९८२चा संप होऊन बारा वर्षं झाली होती, मिल कशीबशी तग धरून होती. तेव्हा इश्यूंचा, म्हणजे कंपन्यांनी लोकांना नवे शेअर विकण्याचा, नुसता पाऊस पडत होता. फोर्टात फुटपाथवर अर्ज मिळायचे. कुणीतरी टिप दिली, बाबांनी हजार रुपये भरले. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, कारण ती आता नाहीच. पत्ता नाही, फोन नाही, भाव नाही.

त्यानंतर आमच्या घरात शेअरचं नाव काढायची सोय राहिली नाही. शेअर म्हणजे सट्टा. पैसा ठेवायचा तो पोस्टात, बँकेत, नाहीतर सोन्यात. आणि भिशी असतेच. आज मात्र शेअरबद्दलच बोलायचंय, आणि ते एकेक न घेता यादीने घेणाऱ्या इंडेक्स फंडाबद्दल.

[दृश्य : दलाल स्ट्रीट, सकाळ. कटिंग पिणारे लोक. इमारतीवरची धावती आकड्यांची पट्टी.]

लालबागहून टॅक्सीने निघालं की अर्ध्या-पाऊण तासात हे ठिकाण येतं. मुंबई शेअर बाजार, स्थापना १८७५, आशियातला सगळ्यात जुना. त्याच्याही आधी टाउन हॉलजवळ वडाखाली दलाल जमायचे. दारातला हा ब्राँझचा बैल सोलापूरच्या भगवान रामपुरेंनी घडवलाय. तो इथे आला २००८ साली. त्या सालाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आधी शेअर म्हणजे काय ते बघू. शेअर म्हणजे धंद्यातली भागी. कंपनीने नफा कमावला, तर त्यातला काही भाग लाभांश म्हणून हातात येतो, उरलेला धंद्यात मुरतो आणि कंपनीची किंमत वाढवतो. धंदा बुडाला तर तुमची भागीही बुडते. एफडीत तुम्ही बँकेला पैसे उसने देता, इथे तुम्ही मालक होता. मालकाला ठरलेलं व्याज कुणी देत नाही.

बाबा मालक झाले, हे चुकलं नाही. ते एकाच धंद्याचे मालक झाले, आणि तो धंदा त्यांनी बघितलाही नव्हता. चूक झाली ती तिथे.

[दृश्य : जुनं फुटेज. काळी-पिवळी पद्मिनी. गिरणीची चिमणी.]

आता एक यादी बघा. १९८६च्या १ जानेवारीला या बाजाराने तीस कंपन्यांचा एक निर्देशांक, म्हणजे त्यांच्या भावांचा मिळून एक आकडा, प्रसिद्ध करायला सुरुवात केली. सेन्सेक्स. १९७८-७९ सालची पातळी १०० धरली, आणि तिथून मोजायला घेतलं. त्या पहिल्या तीस नावांत कोण कोण होतं? बॉम्बे डाइंग. सेंच्युरी. अँबॅसडर गाडी बनवणारी हिंदुस्तान मोटर्स. आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स, म्हणजे आपली पद्मिनी, जिच्या मागच्या सीटवर निम्मी मुंबई कधी ना कधी बाळंतपणाला नाहीतर व्हीटीला गेली. बँक एकही नव्हती. सॉफ्टवेअरची कंपनी एकही नव्हती.

१९८६ साली परळमधल्या कुणाला विचारलं असतं की यातलं कायम टिकणारं काय, तर बोट गिरणीच्या चिमणीकडेच गेलं असतं. आज त्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. ही चारही नावं यादीतून केव्हाच गेली, त्यांच्या जागी बँका आल्या, संगणकवाले आले, मोबाइलवाले आले. यादी मात्र चालूच राहिली. जुलै २०२४ मध्ये सेन्सेक्सने ८० हजारांचा टप्पा ओलांडला. शंभराचे ऐंशी हजार. लाभांश त्यात धरलेलाच नाही.

इंडेक्स फंड म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून ही यादीच विकत घेणं. सेन्सेक्सच्या तीस किंवा निफ्टी या दुसऱ्या निर्देशांकाच्या पन्नास कंपन्या, ज्या प्रमाणात निर्देशांकात आहेत त्याच प्रमाणात. मोठ्या कंपनीचा वाटा मोठा, लहानीचा लहान. वर्षातून दोनदा यादी तपासली जाते, घसरलेलं नाव बाहेर जातं, वर आलेलं आत येतं. फंडही मुकाट्याने तेच करतो. उद्याची पद्मिनी कोण आणि उद्याची बँक कोण, हे ओळखायचं काम तुमच्यावर राहत नाही. फंड चालवणाऱ्यावरही राहत नाही.

कल्पना इतकी साधी, की सुरुवातीला लोक हसले. अमेरिकेत १९७६ साली जॉन बोगल यांनी सामान्य माणसासाठी असा पहिला फंड काढला, तर त्याला ‘बोगलचा वेडेपणा’ म्हणून हिणवलं गेलं. आपल्याकडे असे फंड यायला नव्वदच्या दशकाची अखेर उजाडली. म्हणजे १९९४ साली बाबांना यादी विकत घ्यायची असती, तरी दुकानच उघडलेलं नव्हतं.

[दृश्य : वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेला आलेख.]

तरीपण हिशेब करून बघू. सप्टेंबर १९९४ मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या आसपास होता. ते हजार रुपये यादीत गेले असते, तर जुलै २०२४ला त्याचे पावणेअठरा हजार दिसले असते.

इथे बहुतेक व्हिडिओ टाळ्या वाजवून पुढे जातात. आपण जरा थांबू, कारण या रेषेच्या पोटात एक मोठी वाईट गोष्ट आहे. २००३च्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स तीन हजारांच्या आसपास होता. म्हणजे साडेआठ वर्षं थांबून हजाराचे साधारण पावणेसातशे. एवढ्या वर्षांत शेजाऱ्याची एफडी दुपटीच्या पुढे गेलेली. घरात रोज टोमणे. अशा वेळी ‘लाँग टर्म, लाँग टर्म’ म्हणत बसायला माणूस फार निबर लागतो. मी बसलो असतो की नाही, मला खात्री नाही.

आणि नंतर? १० जानेवारी २००८ला सेन्सेक्सने २१,२०६ला हात लावला. दारात बैल आला तेच हे साल. त्याच ऑक्टोबरात आकडा आठ हजारांच्याही खाली. आता समजा, एखाद्याचं नशीब इतकं फुटकं, की त्याने नेमके त्या शिखराच्या दिवशीच सगळे पैसे टाकले. त्यानेही हात न लावता साडेसोळा वर्षं ठेवले असते, तर वर्षाला साधारण सव्वाआठ ते साडेआठ टक्के पडले असते, वर लाभांश वेगळा. फार ग्रेट नाही. बुडालाही नाही.

म्हणून आमच्या मते पाच वर्षांना लाँग टर्म म्हणू नये. मुलीचं लग्न तीन वर्षांवर आहे, खोलीचं डिपॉझिट पुढच्या दिवाळीत भरायचंय, असे पैसे इथे आणायचेच नाहीत. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला, मेडिक्लेम काढलेला, क्रेडिट कार्डाची उधारी फेडलेली. त्यानंतर जे उरतं आणि दहा-पंधरा वर्षं ज्याची आठवण येणार नाही, ते इथलं.

[दृश्य : संध्याकाळची करी रोड–कल्याण लोकल. उभ्या गर्दीत मोबाइलचा पडदा.]

एसआयपी हा शब्द आता लोकलमध्येही ऐकू येतो. दर महिन्याला ठरावीक तारखेला खात्यातून ठरावीक रक्कम जाते, पाचशेपासूनही चालतं. त्याची खरी गंमत पडझडीत कळते. भाव उतरला की त्याच पाचशेत जास्त युनिट्स, म्हणजे फंडाचे जास्त हिस्से, येतात. ती साडेआठ कोरडी वर्षं जो दर महिन्याला थोडं थोडं भरत राहिला असता, त्याचा बराचसा माल स्वस्तात पडला असता आणि २००८पर्यंत तो एकरकमी भरणाऱ्याच्या पुढे निघून गेला असता. २३ मार्च २०२०ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला, तेरा टक्के. त्या आठवड्यात घाबरून एसआयपी बंद करणारे आमच्याच इमारतीत तिघे आहेत. डिसेंबर संपायच्या आत आकडा ४७ हजारांच्या वर होता.

[दृश्य : मोबाइलवर फंडाचं पान. बोट एका लहान अक्षरांतल्या ओळीवर.]

इथे थोडं जवळ येऊन बघा. फंडाचं पान उघडलं की वर मोठ्या हिरव्या अक्षरांत गेल्या वर्षाचा परतावा असतो. तो सोडा. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, एक्सपेन्स रेशो. फंड चालवायची दरसालची फी. तिचं बिल येत नाही, ती रोज थोडी थोडी तुमच्याच पैशांतून वजा होते, म्हणून बोचत नाही. साधा इंडेक्स फंड ०.२ टक्क्यात मिळतो. शेअर निवडणाऱ्या मॅनेजरचा फंड, तोही एजंटमार्फत, दीड टक्का सहज घेतो. सव्वा-दीड टक्क्यानं काय होतंय? एक लाख रुपये, पंचवीस वर्षं, बाजाराने दरसाल १२ टक्के दिले असं नुसतं हिशेबापुरतं धरा. ०.२ टक्के फी गेली तर सव्वासोळा लाख होतात. दीड टक्का गेली तर बारा लाखांच्या थोडे वर. चार लाख रुपये फीच्या ओळीतून गळाले.

त्याच पानावर फंडाच्या नावापुढे ‘डायरेक्ट’ किंवा ‘रेग्युलर’ लिहिलेलं असतं. २०१३पासून ही सोय आहे. रेग्युलरमध्ये मधल्या माणसाचं कमिशन असतं. तो माणूस पडझडीत तुमचा हात धरून ठेवत असेल, तर ते पैसे वसूल. फक्त दिवाळीला कॅलेंडर देत असेल, तर डायरेक्ट घ्या.

इंडेक्स फंडाला डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, लागत नाही. पॅन, आधार आणि बँक खातं पुरतं. तीच यादी ईटीएफ म्हणून बाजारात शेअरसारखी घेता येते, त्याला मात्र डिमॅट हवं. वर्षभरानंतर विकलं, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, पुढच्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकलं तर वीस. हे दर जुलै २०२४पासूनचे आहेत.

एकेक शेअर घ्यायचेच नाहीत का? घ्या की. ज्याला ताळेबंद वाचायची हौस आहे, त्याने रकमेच्या दहा टक्क्यांत हौस भागवावी. पण मोबाइलवर जे ‘ऑप्शन’ शिकवतात, म्हणजे भाव पुढे चढेल की उतरेल यावरचे सौदे, त्याला गुंतवणूक म्हणू नका. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच मोजलंय, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ जणांना तोटा झाला. एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. आई ज्याला सट्टा म्हणते तो हाच, आणि या बाबतीत ती पहिल्यापासून बरोबर होती.

[दृश्य : पुन्हा लालबागची खोली. रात्र. पेटी उघडी.]

माझी एसआयपी सुरू झाली तेव्हा घरी सांगितलं नव्हतं. सांगायला चार वर्षं घेतली. नॉमिनीच्या रकान्यात आईचं नाव टाकलं होतं, म्हणून सांगणं भाग होतं. तिने आकडा विचारला नाही. म्हणाली, “ह्याचं पासबुक कुठेय?”

नसतं म्हटलं. मेलवर स्टेटमेंट येतं.

“मग छापून आण. मेलवर मी कुठे शोधू?”

नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन पानं काढून आणली. तिने चष्मा लावून आपलं नाव नीट आलंय का ते पाहिलं, आणि ती पानं दुधाच्या पिशवीत, बाबांच्या कागदाच्या वर सरकवली.