निखारा पसरला की विझतो

(मळा. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात बामणोदची हिरवी वांगी)
निखारा एका जागी धरून ठेवला तरच वांगं देठापर्यंत भाजतं. तोच फावड्याने खळ्याभर पसरला, तर राख हाती येते आणि वांगं कच्चं राहतं.

(जळगाव. पडद्यावर फिरणारी केशरी तबकडी)
ही आकडेमोडीतली दीर्घिका. सोळा कोअरचा डेस्कटॉप आणि ‘स्विफ्ट’ हा दीर्घिकांची आकडेमोड करणारा, फुकट मिळणारा प्रोग्राम. पुण्या-मुंबईची वाट धरायचं काही कारण नाही.

वायूचा एकेक कण लाखभर सूर्यांच्या वजनाचा. एवढ्या जाड चाळणीत सुटा तारा सापडत नाही, म्हणून नियम घालून द्यावा लागतो. घन सेंटिमीटरमागे 10 पेक्षा जास्त अणू जमले, की तिथे तारे होऊ द्यायचे, पण बेतानं. असा वायू स्वतःच्या भारानं कोसळायला सुमारे दीड कोटी वर्षं घेतो, आणि तेवढ्या काळात त्याच्या शंभरातला एकच भाग ताऱ्यांत जातो. कण तर तोडता येत नाही. मग आकडेमोडीतल्या काळाच्या दर टप्प्याला फासा टाकायचा. दान पडलं, की अख्खा कण ताऱ्यांचं एक गाव होतो.

(पिवळे ठिपके, जवळून)
गावातल्या दर शंभर सूर्यांच्या वजनामागे साधारण एक जड तारा फुटतो आणि 1 वर 51 शून्यं इतके अर्ग (ऊर्जेचं माप) बाहेर टाकतो. नवशिक्यांची गाडी नेमकी इथे रुतते. ही ऊर्जा शेजारच्या पन्नास वायूकणांत सारखी वाटली, तर तापमान जेमतेम पाच लाख केल्विन. या तापमानाचा दाट वायू उष्णता भराभर उधळतो. फुगायच्या आत निवतो. तारे फुटतात आणि पडद्यावर काही हलत नाही!

म्हणून वाटणी बंद. सोडत काढून एखाद-दुसराच कण उचलायचा आणि थेट तीन कोटींच्या वर तापवायचा. सगळ्या सोडतींची सरासरी काढली, तर एकूण ऊर्जा तीच, जास्तीची नाही.

(तबकडी आडवी, वायूचे फुगे वर उसळतात)

(उघडं कॅबिनेट, टेबल फॅन, यूपीएस)
अशा तापलेल्या कणात ध्वनीचा वेग सेकंदाला 850 किलोमीटर. त्याचं घड्याळ बारीक टप्प्यांनी चालतं, थंड शेजारी मात्र लांब टप्प्यावर झोपलेला. धक्का त्याच्यात शिरतो आणि ऊर्जेचा हिशेब चुकतो. शेजाऱ्याचा टप्पा चौपटीपेक्षा लांब नको. तसा झालाच, तर त्याला उठवायचं.

मे महिन्यात पारा 45 वर गेला की प्रोसेसर आपणहून मंदावतो. लाइट तर जाणारच. रिस्टार्ट फाइल, म्हणजे थांबलं तिथून पुढे चालू करायची नोंद, दर तासाला, आणि दोन आळीपाळीने. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट फाइल कामाची नाही.

(दोन पडदे शेजारी-शेजारी)
डावीकडे ऊर्जा वाटलेली, उजवीकडे सोडतीची. डावी दीर्घिका तारे करण्यात वायू भराभर संपवते. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांच्या वजनाएवढेच तारे होतात.

(उजवा पडदा, निवेदनाविना)